कुंदाताईंच्या तळहातावरचं तेल

भांडुपच्या गॅरेजमध्ये गाडी वर चढली आणि अस्लमभाईंनी मागच्या डिफरन्शियलचा बोल्ट सैल करायला घेतला, की कुंदाताई ओढणी कमरेला बांधून गाडीखाली जायच्या आणि उजवा तळहात पुढे धरायच्या. तेलाचे पहिले थेंब त्या तळहातावर पडायचे. मग त्या बाहेर उजेडात येऊन तेल अंगठ्याने चोळायच्या, नाकाशी न्यायच्या, पुन्हा चोळायच्या. तेल तपकिरी, स्वच्छ निघालं तर नुसतं "साफ आसा" म्हणून हात पुसायच्या. पण गाडी पाण्यातून गेलेली असली, तर तेलात पाणी मिसळून ते चहाच्या रंगाचं, दुधाळ झालेलं असायचं. अशा वेळी दुसरा कोणीही कपाळाला हात लावेल, कारण आता खर्च आला. कुंदाताईंचा चेहरा मात्र उजळायचा. "दूध झाला," त्या म्हणायच्या. "बरा झाला. दूध झाला म्हणजे माणसाक पोचवला."

हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा बाई जरा चक्रम आहे असंच मला वाटलं होतं. पुढेही ते मत मी पूर्ण बदललं नाही.

कुंदाताई मुलुंडला आमच्याच सोसायटीत तळमजल्यावर एकट्या राहायच्या. मूळच्या मालवणकडच्या. वडील गिरणीत होते, गिरणी गेली आणि ही मुलगी नर्स झाली. लग्न केलं नाही. नोकरीची शेवटची बरीच वर्षं त्यांनी एका रुग्णालयाच्या डायलिसिस विभागात काढली. बोलणं मुंबईचं, झटपट आणि तोंडावर. पण आनंद झाला, राग आला किंवा भीती वाटली की मालवणी बाहेर यायची. त्यामुळे त्यांचं नेमकं काय चाललंय ते कळायला सोपं जायचं.

निवृत्त झाल्यावर गावच्या घराची कौलं बदलण्यासाठी ठेवलेल्या पैशांतून त्यांनी एक जुनी, उंच, चारही चाकांना ताकद जाणारी गाडी घेतली. गाडी चालवायलाही तेव्हाच शिकल्या. सोसायटीत चर्चेला ऊत आला. आमच्या सेक्रेटरींनी पार्किंगच्या रेषा टेप लावून मोजल्या. कोणी म्हणालं, म्हातारपणी हौस. कोणी म्हणालं, मुलुंडमध्ये काय डोंगर चढायचे आहेत हिला? कुंदाताईंनी कोणालाच उत्तर दिलं नाही. मला दिलं, तेही मी न विचारता, एकदा जिन्यात भेटल्यावर.

"पाणी तुंबलं ना, की त्या दिवशी आम्ही मशीन लावून बसायचो गो. खुर्च्या रिकाम्या. माणूस तिकडे भांडुपला अडकलेला, कांजूरला अडकलेला. फोन करून सांगायचा, सिस्टर, उद्या येतो. उद्या यायचा तेव्हा श्वास लागलेला असायचा. कधी कधी यायचाच नाही. मी रिकाम्या खुर्च्या लय बघितल्या."

एवढं बोलून त्या भाजीची पिशवी घेऊन घरात गेल्या. त्यानंतर दोनेक वर्षांनी माझ्या वडिलांची, नानांची, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली.

नाना विमा कंपनीतून निवृत्त झालेले. आई आधीच गेलेली. घरात आम्ही दोघंच. घाटकोपरच्या एका धर्मादाय केंद्रात परवडणाऱ्या दरात डायलिसिस मिळालं, एक दिवसाआड, दुपारची वेळ. एरवी रिक्षाने जाणं-येणं व्हायचं. पण पहिल्याच पावसाळ्यात एक दिवस असा उजाडला की रिक्षा नाही, टॅक्सी नाही, खालच्या रस्त्यावर स्कूटरची चाकं दिसेनात. मी गॅलरीत उभी राहून फोनवर फोन करत होते. खालून कुंदाताईंनी हॉर्न वाजवला आणि मान वर करून ओरडल्या, "नानांना खाली आण. मोजे नको घालू त्यांना."

त्या दिवशी त्यांची गाडी चालवण्याची पद्धत मी पहिल्यांदा पाहिली. त्या पाण्याकडे बघायच्याच नाहीत. पाणी फसवतं, म्हणायच्या. त्यांची नजर रस्त्याच्या दुभाजकावर असायची. दुभाजकाच्या कडेला काळे-पिवळे पट्टे रंगवलेले असतात; पट्टे दिसतायत तोवर पुढे जायचं, पट्ट्यांच्या वरची कड पाण्यात गेली की मागे फिरायचं. पहिला गिअर, पायाखाली एकसारखा वेग, मध्ये थांबणं नाही आणि बोलणंही नाही. नाना पुढच्या सीटवर पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. केंद्रावर पोचलो तेव्हा निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. कुंदाताई दारातूनच त्या बघून परत फिरल्या, आणि नानांचे चार तास होईपर्यंत त्यांनी विक्रोळीहून आणखी दोघांना आणलं.

त्या धाडसी होत्या असं लोक म्हणतात, ते मला पटत नाही. एकदा त्या पट्टा बुडालेला बघून पंतनगरच्या अलीकडून चक्क परत फिरल्या. नाना चिडले. समोरून एक ट्रक आरामात गेला होता. "तो ट्रक आहे," कुंदाताई म्हणाल्या. "आपल्याला पोचायचं आहे नाना, मर्दुमकी नाय करायची." मग एका पेट्रोलपंपाच्या चढावर गाडी लावून आम्ही भरती उतरायची वाट बघत बसलो. समुद्राचं वेळापत्रक त्यांना घरच्या दूधवाल्याइतकं पाठ होतं. ओहोटी लागली, पाणी उतरलं, पट्टे दिसले, आम्ही गेलो. नानांना उशीर झाला, पण पोचलो.

आता त्या तेलाचं सांगायला हवं, कारण त्याशिवाय कुंदाताई सांगताच येणार नाहीत. दोन चाकांच्या मधोमध दातेरी चक्रांचा एक डबा असतो. वळताना बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं, आतल्याला कमी. ते जमवून देणारा हा डबा म्हणजे डिफरन्शियल. त्यातली चक्रं दाट तेलात बुडालेली असतात. साध्या गाडीला असा एक डबा, या गाडीला पुढे एक, मागे एक आणि शिवाय मध्ये तिसरा. गाडी चालून डबा तापतो, आणि तापलेला डबा एकदम गार पाण्यात गेला की आतली हवा आकसून पाणी ओढून घेते. आत पाण्याऐवजी हवाच जावी म्हणून अस्लमभाईंनी डब्याची हवेची नळी लांबवून वर बांधून दिली होती. कुंदाताईंनी त्यासाठी सलाइनची नळी आणून दिली, तेव्हा ते पोट धरून हसले होते. पण गाडी जुनी, सील जुनी. पाणी कुठून तरी शिरायचंच. आणि पाणी शिरलेलं तेल तसंच ठेवलं तर चक्रं खाल्ली जातात. म्हणजे पाण्यातून एक मोठी फेरी झाली की तिन्ही डब्यांचं तेल बदला.

मी एका कंपनीच्या खरेदी विभागात काम करते. तीन ठिकाणचे भाव आणल्याशिवाय आमच्याकडे साधी खुर्ची घेतली जात नाही. मी आपणहून चौकशी केली. मोठ्या सर्व्हिस सेंटरने साडेनऊ हजार सांगितले आणि वर, गाडी पाण्यात घालूच नका, असा सल्ला दिला. अस्लमभाई तेल धरून साडेचार हजार घ्यायचे. मी कुंदाताईंना म्हटलं, "एवढे पैसे दर वेळी? वर्षातून एकदाच बदला ना, पावसाळा संपल्यावर." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मी वापरलेली सुई पुन्हा वापरायला सांगितली होती. "आणि पुढच्या पाण्यात मध्येच चाक अडकलं, आत पेशंट हाय, तर? खाली उतरून ढकलशील तू?"

पेट्रोलचे किंवा तेलाचे पैसे त्या कोणाकडून घेत नसत. "घेतले की टॅक्सी झाली," म्हणायच्या. "मग तो म्हणेल लवकर ये, दुसऱ्याला नको बसवू. माका नको."

हा खर्च नानांना ठाऊक नव्हता. पण एकदा डायलिसिसहून येताना कुंदाताईंनी गाडी वाटेत गॅरेजला लावली. नाना बाकावर बसले होते, आणि अस्लमभाई त्यांच्यादेखतच म्हणाले, "सिस्टर, इस महिने में दुसरी बार. पुन्हा साडेचार." नाना काही बोलले नाहीत. त्यांचं गप्प राहणं मला जन्मापासून माहीत आहे, तरी या वेळी मला ते ओळखता आलं नाही.

पुढच्या वेळी पाणी भरलं, खालून हॉर्न वाजला, आणि नाना खुर्चीतून उठेनात.

"आज नको. मला बरं वाटतंय. उद्या बघू."

मी विनवलं, मग ओरडले. नाना खिडकीबाहेर बघत राहिले. त्यांच्या पायांवर सूज दिसत होती, चेहरा फुगलेला होता, आणि ते मला बरं वाटतंय म्हणत होते. मी इतकी घाबरले होते की हातातला त्यांचा शर्ट मी चुरगळून टाकला होता. शेवटी कुंदाताई ओल्या चपलांनिशी जिना चढून वर आल्या.

"काय झालं?"

"येत नाही म्हणतात. बरं वाटतंय म्हणे."

कुंदाताई नानांच्या पुढ्यात जमिनीवर बसल्या. नानांचा पाय मांडीवर घेतला आणि नडगीवर अंगठा दाबून धरला. मग उचलला. अंगठ्याच्या जागी खड्डा तसाच राहिला होता. आम्ही तिघंही त्या खड्ड्याकडे बघत होतो आणि तो भरून येत नव्हता.

"रस्त्यावरच्या पाण्याचा मी बघतंय," त्या म्हणाल्या. "ह्या पाण्याचा काय करूचा, नाना?"

नाना म्हणाले, "सिस्टर, गॅरेजमधला आकडा मी ऐकला. एका फेरीला एवढे पैसे घालावेत असं माझ्यात आता काही शिल्लक नाही. तुमची कौलं राहिली आहेत तिकडे. माझं काय, आज ना उद्या."

मला वाटलं, कुंदाताई आता रागावतील. त्यांनी नानांचा पाय अलगद खाली ठेवला.

"गाडीचं तेल काढून टाकायचं, दुसरं घालायचं. दुकानात मिळतं. तुमचं तसं नाय. तुमचंच बाहेर काढायचं, धुवायचं आणि तुम्हालाच परत द्यायचं. ता खंयच्या दुकानात मिळणा नाय, नाना. म्हणून तुम्हाला न्यायचं असतं. गाडीचं काय घेऊन बसलात?"

नानांनी वाकून नडगीवरचा खड्डा बोटाने चाचपला. मग नाना म्हणाले, "ठीक आहे. मग तेल मी आणणार. पैसे तुम्ही घेत नाही ना? तेल घ्यायचं."

कुंदाताईंनी घड्याळाकडे बघितलं. "आणा. पण आधी चपला घाला."

तेव्हापासून ती पद्धतच पडली. नाना अस्लमभाईंना विचारून योग्य नंबरचं तेल आणायचे आणि डबे आपल्या पलंगाखाली ठेवायचे. डायलिसिसच्या दोन दिवसांमधल्या मोकळ्या दिवशी दुकानात जाऊन गिअर ऑइल मागणारा हा अशक्त म्हातारा दुकानदाराला कोडंच वाटला असावा. केंद्रावर बातमी पसरली आणि बाकीचेही तेल आणू लागले. कोणी अर्धा लिटर, कोणी एक. विक्रोळीहून डायलिसिसला येणाऱ्या एका मुलीच्या आजीने ऐकलं की कुंदाताईंच्या गाडीला तेल लागतं, तेही चांगलं लागतं. तर ती शनिवारी मारुतीला घालतात ते तिळाचं तेल घेऊन आली, लाकडी घाण्याचं, नीट फडक्यात बांधलेली बाटली. नात लाजेने लाल झाली. कुंदाताईंनी बाटली दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली. "आजी, ह्या तेलाचं गाडीपेक्षा मला काम हाय," म्हणाल्या. तो पावसाळाभर त्या रोज संध्याकाळी ते गुडघ्यांना चोळत होत्या आणि आजी भेटली की पाय लांब करून दाखवत होत्या.

मला गाडी शिकवण्याची खोड त्यांना मग लागली. मी टाळायचे. मला माझी छोटी गाडी सिग्नलला बंद पडेल याची भीती वाटते. हा हत्ती कोण हाकणार? त्या रविवारी सकाळी दार वाजवायच्या. "चल गो, कोरड्यात शिक. पाण्यात कोणी शिकवणा नाय." मी कुरकुरत जायचे. त्या शेजारी बसून माझ्या हाताकडे न बघता दुभाजकाकडे बघायच्या. मी वेग वाढवला की नुसतं "पोचायचं हाय" म्हणायच्या. तेवढ्यावर मी पाय उचलायचे, कारण पुढे काय येणार ते मला पाठ होतं.

आम्ही सगळे नानांसाठी मनाची तयारी करत होतो. डायलिसिसवरच्या माणसाच्या घरात ती असतेच. कोणी बोलत नाही एवढंच. कुंदाताईंचा विचार कोणाच्या डोक्यातही आला नाही. गेल्या जानेवारीत, थंडी छान पडलेली असताना, भाजी निवडता निवडता त्या कलंडल्या. मेंदूत रक्तस्राव. आठवडाभर रुग्णालयात होत्या. मी भेटायला गेले तेव्हा डावी बाजू हलत नव्हती, पण शब्द फुटत होते.

"नानांचं वजन किती वाढलं काल?"

मी सांगितलं.

"पाणी कमी प्यायला सांग." मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "पावसाच्या आधी तेल बघ. उभ्या गाडीचा पण खराब होता."

मी म्हटलं, "तुम्हीच बघा की. तोवर घरी याल."

त्यांनी उजव्या हाताने माझा हात धरला, तळवा वर केला आणि त्यावर आपला अंगठा हळूच फिरवला. मला वाटलं, त्यांना पाणी हवंय. परत येताना जिन्यात उमगलं आणि मी तिथेच पायरीवर बसून रडले. त्याच आठवड्यात त्या गेल्या.

नाना स्मशानात आले. डॉक्टरांनी नको म्हटलं होतं, मीही म्हटलं. ते म्हणाले, "तिनं मला पायाला धरून उठवलं होतं." ते काठीवर भार देऊन शेवटपर्यंत उभे राहिले. जिने आपल्याला पोचवलं तिला आपण पोचवायला आलो, याचं दुःख इतकं साधं होतं की त्यात रडायलाही काही आडोसा नव्हता.

कुंदाताईंचा भाचा नाशिकहून आला होता. घर रिकामं केलं, गाडीची चावी घेऊन वर आला. "मावशी म्हणून गेली, ही वर द्यायची. कागद मी करून देतो. पण खरं सांगू का, विका ही. ओझं आहे." माझ्यातल्या खरेदी विभागातल्या बाईलाही तेच वाटत होतं. मी नानांकडे बघितलं. नाना पलंगावर बसले होते आणि पाय हलवत होते. टाचा पलंगाखालच्या डब्यांना लागून बारीक आवाज होत होता. मी चावी खुंटीला लावली.

या जुलैत पाणी भरलं. सकाळपासून मी गॅलरीत जात होते, आत येत होते, पुन्हा जात होते. हॉर्न वाजणार नव्हता. दुपारच्या वेळेआधी नाना आपणहून चपला घालून दाराशी उभे राहिले. मोजे घातलेले नव्हते.

गाडी मी रस्त्यावर काढली. पहिला गिअर. एकसारखा वेग. नाना शेजारी बसून दुभाजकाकडे बघत होते आणि मध्ये मध्ये "दिसतायत" म्हणत होते. पंतनगरच्या अलीकडे ते गप्प झाले. पट्टे बुडाले होते. मागून एक टेम्पो हॉर्न देत होता. मी गाडी फिरवली आणि पेट्रोलपंपाच्या चढावर नेऊन लावली. तिथे आम्ही ओहोटीची वाट बघत बसलो. नानांचा श्वास जड येत होता, तो मला ऐकू येत होता, आणि मी दुभाजकावरची नजर काढली नाही. पाणी उतरलं, पिवळा रंग दिसला, तेव्हा आम्ही निघालो. केंद्रावर पोचलो. विक्रोळीची ती मुलगी आलेली नव्हती. नानांना खुर्चीत बसवून मी तिला आणायला गेले.

दुसऱ्या दिवशी नाना म्हणाले, मी पण येतो गॅरेजला. पलंगाखालचे डबे पिशवीत घालून आम्ही गेलो. अस्लमभाईंनी गाडी वर चढवली, मागचा बोल्ट सैल केला. तेल गळायला लागणार तेवढ्यात त्यांनी बोटाने भोक दाबून धरलं आणि मागे वळून बघितलं. इतकी वर्षं ते इथे थांबायचे, कुंदाताई खाली येईपर्यंत. हात आपोआपच थांबला होता. त्यांना ते कळलं आणि ते तसेच उभे राहिले, ना पुढे ना मागे.

नानांनी काठी माझ्याकडे दिली. वाकून गाडीखाली गेले आणि हात पुढे केला. कोपराशी कालच्या सुयांवरची पट्टी अजून होती. अस्लमभाईंनी बोट काढलं. नाना उजेडात आले, तळहातावरचं तेल अंगठ्याने चोळलं, नाकाशी नेलं, पुन्हा चोळलं. आमच्या घरात कधी कोणी मालवणी बोललेलं नाही.

"दूध झाला," नाना म्हणाले. मग तळहात अस्लमभाईंपुढे धरून त्यांनी वाक्य पुरं केलं. "म्हणजे माणसाक पोचवला."